नाटकाचा डबा

मागच्या दोन भाषणांत आपण हप्ते आणि बँकेचे कागद याबद्दल बोललो. आज तो विषय बाजूला ठेवू. आज मी नाटकाबद्दल बोलणार आहे. घरातल्या नाटकांबद्दल नाही हं, ती तर रोज फुकटात चाललेली असतात. तिकीट काढून, खुर्चीत बसून बघायच्या नाटकाबद्दल.

आपल्याकडं बाई कीर्तनाला निघाली तर तिला कुणी अडवत नाही. सप्ताह असला तर रात्री अकराला परत आली तरी चालतं. हळदीला, बारशाला, मयतीला जायलाही आडकाठी नाही. पण "मी नाटकाला जाते" असं एकदा घरात म्हणून बघा. कुणाबरोबर? कशाला? किती वाजता येणार? पोरांचं काय? म्हशीची धार कोण काढणार? जत्रेत तमाशाचा तंबू लागतो तेव्हा गावातले निम्मे पुरुष रात्रभर तिथं असतात, त्यांना म्हशीचं काय असं कुणी विचारत नाही. म्हैस तीच, रात्रही तीच.

आपल्या गटांची दशसूत्री तुम्हाला पाठ आहे. बचत आहे, अंतर्गत कर्ज आहे, आरोग्य आहे, शिक्षण आहे, ग्रामपंचायतीत सहभाग आहे, शाश्वत उपजीविका आहे. करमणूक त्यात नाही. नसावी असं कुणी ठरवलं नसेल, पण कुणाच्या ध्यानातही आली नाही एवढं खरं. बाईनं कमवावं, वाचवावं, फेडावं. दोन घटका बसून काही बघावं हे आपल्या कुठल्याच रजिस्टरात लिहिलेलं नाही.

आमचा गट पैठणच्या कडेच्या एका गावातला, 12 बायांचा. नागपंचमीच्या दिवशी फेर धरून दमल्यावर ओट्यावर बसलो होतो. नुकतंच आमच्यातल्या एकीनं सासूचं सोंग काढून सगळ्यांना लोळवलं होतं. पदर खोचून, कमरेवर हात ठेवून, सुनेला भाकरीवरून बोलणारी सासू. बोलता बोलता कुणीतरी म्हणालं, "आपण एवढं करतो, पण खरं नाटक बघितलंय का कुणी?" बारा जणींत तिघींनी बघितलं होतं. दोघींनी शाळेच्या गॅदरिंगमध्ये आणि एकीनं माहेरी, तेही मागं उभं राहून, कारण खुर्च्या पाहुण्यांना दिलेल्या.

त्याच दिवशी ठरलं. दिवाळीनंतर छत्रपती संभाजीनगरला राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी होते. शासनाचं सांस्कृतिक कार्य संचालनालय ती भरवतं. जिल्ह्यातली, आसपासची मंडळी नोकरी, शेती, दुकान सांभाळून नाटक बसवतात आणि संध्याकाळी सात वाजता सादर करतात. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकाचं तिकीट आज 300 ते 500 रुपयांच्या घरात असतं. स्पर्धेच्या नाटकाचं तिकीट मात्र अगदी थोडं. तर नाटक स्वस्त होतं, महाग होतं ते जाणं-येणं. म्हणून एक पत्र्याचा डबा केला आणि त्यात प्रत्येकीनं आठवड्याला 20 रुपये टाकायचे ठरवले. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. 16 आठवड्यांत प्रत्येकीचे 320 रुपये जमले.

आता सगळ्यात मोठा वाद पैशाचा झाला नाही. वाद झाला तो घरच्यांना न्यायचं की नाही यावर. निम्म्या जणी म्हणत होत्या, फक्त बायांनीच जायचं. "नवरा बरोबर आला की मी त्याचीच चप्पल सांभाळत बसणार," असं एक मावशी म्हणाल्या आणि त्यात खोटं काही नव्हतं. आपली सहल कशी असते? आदल्या रात्री दशम्या, पहाटे उठून पुऱ्या, वर चटणी, लोणचं, पाण्याच्या बाटल्या. तिथं गेल्यावर पोरांना खाऊ घालायचं, सासऱ्यांना सावली शोधायची, उष्टी गोळा करायची. घरी आल्यावर सगळे म्हणतात, मजा आली. आपण भांडी घासत असतो. घरातल्यांनी एकत्र वेळ घालवणं म्हणजे बाईनं जागा बदलून तेच काम करणं, असं होऊन बसलंय.

दुसऱ्या बाजूनं एक लेकुरवाळी बोलली. ती म्हणाली, "माझ्या नवऱ्यानंही नाटक बघितलेलं नाही. तो ऊसतोडीला जातो, सहा-सहा महिने घरी नसतो. यंदा टोळी उशिरा जाणार आहे. माझ्या शेजारी बसून त्यानं काही बघितलं तर मला आवडेल." यावर सगळ्या गप्प झाल्या.

शेवटी असं ठरलं: ज्याला यायचं त्यानं यावं, पण घरून डबा आणायचा नाही. पोरांचं पाणी, लघवी, रडणं हे बरोबर आलेल्या बाप्यांनी बघायचं. जो मागं राहील त्यानं रात्रीचा स्वयंपाक करून ठेवायचा. ही शेवटची अट ऐकून बऱ्याच घरांतले पुरुष एकदम नाटकाला यायला तयार झाले. पण प्रत्यक्षात आले चौघंच.

नऊ बाया, दोन सासवा, चार पुरुष आणि सहा पोरं, असे 21 जण शनिवारी दुपारी साडेतीनच्या एसटीनं निघालो. कापसाची वेचणी जोरात होती, पण सकाळची वेचणी करूनच सगळ्या आल्या होत्या. एकीच्या बोटाला चिंधी बांधलेली. बायांना अर्धं तिकीट आहे हे तुम्हाला माहीत आहेच, 17 मार्च 2023 पासून ते सुरू झालं. आमच्यातल्या एक सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्यांना पूर्ण मोफत. आधार कार्ड हातात धरूनच बसल्या होत्या. पुरुषांना पूर्ण तिकीट. कंडक्टरनं पैसे मागितले तेव्हा एक भाऊजी म्हणाले, "आमच्यावर अन्याय आहे." मागून आवाज आला, "एकच तर हाय, सोसा."

तीन जणी आल्या नव्हत्या. एकीच्या सुनेचे दिवस भरले होते. एकीला ताप होता. तिसरीला घरून परवानगी मिळाली नाही. तिचे 320 रुपये डब्यात तसेच होते आणि गाडी ढोरकीनच्या पुढं जाईपर्यंत मला तेच दिसत होतं. तिच्यावर मी पुढं येते.

वाटेत पोरांनी गोष्ट सांगा म्हणून धरलं, तर मी नाटकाचीच सांगितली. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं. 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन पाळतात तो त्याच्याच आठवणीत. त्या काळी सीतेचं काम पुरुषानंच करायचं. पुढं बालगंधर्व झाले. त्यांची साडी नेसायची तऱ्हा, त्यांचा अंबाडा बघून घरंदाज बायका तशा नटायला लागल्या. म्हणजे बाईनं कसं दिसावं हे पुरुषाकडं बघून शिकायचं! 1933 साली 'आंधळ्यांची शाळा' आलं आणि त्यात बायांची कामं बायांनीच केली, तेव्हा त्याची केवढी चर्चा झाली. आणि त्याच्याही कितीतरी आधी, 1855 साली, जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' नावाचं नाटक लिहिलं. त्यात एक गरोदर शेतकरी बाई आहे आणि तिचा नवरा. जोशीबुवा ग्रह-शांतीच्या नावानं त्यांना लुबाडतात आणि शेवटी दोघंही शिकायला निघतात. आपल्यासारख्या घरातली बाई मराठी नाटकात इतक्या लवकर येऊन बसली आहे. आपणच तिला बघायला गेलो नाही.

बिडकीन, चितेगाव, नक्षत्रवाडी करत पाचच्या सुमारास शहरात पोचलो. भेळ खाल्ली, चहा घेतला. कुणीही डबा सोडला नाही, कारण कुणी आणलाच नव्हता. एका सासूबाईंच्या पिशवीत चार धपाटे निघाले, पण ते त्यांनी "औषधाला" आणले होते म्हणे.

नाटक उस्मानपुऱ्यातल्या संत एकनाथ रंगमंदिरात होतं. या नावानं आमची एक गंमत केली. आमच्यातल्या एकीनं घरी सासऱ्यांना सांगितलं होतं, "नाथांच्या मंदिरात चाललेय." सासरे म्हणाले, "मग संभाजीनगरला कशाला? नाथ तर इथंच आहेत." ती म्हणाली, "तिथंही एक आहे, मोठं आहे." रंग हा शब्द तेवढा तिनं गिळला. आम्ही हसून हसून बेजार झालो, पण मी नंतर त्यावर विचार करत राहिले. आपल्या पैठणच्या माणसाचं नाव नाटकाच्या घराला दिलंय ते काही उगीच नाही. ते मी रविवारच्या गोष्टीत सांगते.

आत गेल्यावर पहिली धांदल खुर्च्यांची. ती मिटणारी खुर्ची असते ना, उठलं की आपोआप वर जाते. सासूबाई दोनदा बसता बसता राहिल्या. तिसऱ्यांदा त्यांच्या मुलानं खुर्ची दाबून धरली, तेव्हा बसल्या. मग घंटा झाली. दुसरी झाली. तिसरी झाली आणि दिवे गेले. एक पोरगं म्हणालं, "लाइट गेली." मागच्या रांगेतल्या शहरातल्या बाई हसल्या, पण चांगलं हसल्या.

मैत्रिणींनो, घरी आपण मालिका बघतो ती कशी बघतो? दाराच्या चौकटीला टेकून, हातात लसूण, एक डोळा गॅसवर. मध्येच कुणी पाणी मागतं, कुणी चहा मागतं. शेवट काय झाला ते दुसऱ्या दिवशी शेजारणीला विचारायचं. नाटकात तसं करता येत नाही. अंधार होतो आणि तुम्ही बसलेल्याच राहता. सव्वादोन तास आमच्या नऊ जणींना कुणी पाणी मागितलं नाही. एका पोराला बाहेर जायचं होतं, तर त्याच्या आईनं न बघताच बापाकडं बोट दाखवलं आणि बाप उठला. मला तरी त्या दिवशीचा सगळ्यात भारी प्रवेश तोच वाटला.

नाटक नवं होतं, हौशी मंडळींचं. एक म्हातारी, तिचे दोन मुलगे, गावाकडचं घर विकायचं चाललंय. कामं काही ठिकाणी कच्ची होती. धाकट्या मुलाचं काम करणारा मुलगा वाक्य विसरला आणि म्हातारीनं त्याला सांभाळून घेतलं, ते आमच्याही लक्षात आलं. पण एका प्रवेशात ती म्हातारी घराच्या भिंतीवरून हात फिरवते. बोलत काहीच नाही. तेव्हा आमच्या रांगेतून हुंदका आला. आमच्या मावशी होत्या. त्यांचं माहेर जायकवाडीच्या धरणात गेलंय. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 1976 साली इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं, एवढं आपण शाळेत शिकलो. मावशींचं घर त्या दोन तारखांच्या मधे कुठंतरी पाण्याखाली गेलं. मी त्यांना 10 वर्षं ओळखते. कर्ज घेताना, फेडताना, सुनेचं बाळंतपण करताना बघितलंय. त्या कधी माहेरावर बोलल्या नव्हत्या. परतीच्या गाडीत त्या बोलल्या. घराला दोन दारं होती, मागच्या दाराशी कडुनिंब होता, आई त्याखाली जात्यावर बसायची. त्यांच्या सुनेनं हे पहिल्यांदा ऐकलं. लग्नाला सात वर्षं झालीत तिच्या.

परतीचं सांगते, कारण तुम्हाला कामी येईल. नाटक सव्वानऊला संपलं. रात्रीच्या एसटीच्या भरवशावर पोरं-म्हाताऱ्यांना घेऊन थांबणं बरं नाही, म्हणून ओळखीच्या दोन क्रुझर आधीच ठरवल्या होत्या. दोन्हींचे मिळून 3000 रुपये झाले. पोरं सोडून 15 माणसं, प्रत्येकी 200. जातानाचं तिकीट, नाटकाचं तिकीट, भेळ, चहा धरून एकीचा खर्च साडेतीनशेच्या आत बसला. डब्यातले 320 आणि वर थोडे. गाडीवाल्याचा नंबर घरी देऊन ठेवा, पोचल्याचा फोन करा. रात्रीच्या जाण्या-येण्यात घरचे घाबरतात ते सगळंच काही अडवण्यासाठी नसतं.

साडेअकराला घरी पोचलो. कुणाकडं खिचडी होती, कुणाकडं पिठलं. एकीच्या दिरानं भाकरी केल्या होत्या. त्यांचे नकाशे झाले होते, पण झाल्या होत्या.

रविवारी घरं उशिरा उठली. माझ्या सहावीतल्या मुलीनं आणि तिच्या चुलत भावांनी अंगणात कालचं नाटक परत सुरू केलं. मोठा भाऊ कोण, धाकटा कोण यावरून भांडणं झाली, पण म्हातारीचं काम कोण करणार हा प्रश्न आलाच नाही. आमच्या सासूबाई चौकात येऊन बसल्या आणि "घर विकायचं न्हाई" असं त्यांनी असं काही ठणकावून सांगितलं की पोरांना पुढचं वाक्यच सुचेना. माझे यजमान दाराशी उभे होते. त्यांनी आईला असं कधी बघितलं नव्हतं, मीही नाही. टीव्हीपुढं सगळे बसतात तेव्हा कुणी कुणाकडं बघत नाही. त्या तासाभरात आम्ही सगळे म्हातारीकडं बघत होतो.

दुपारी पोरांना घेऊन नाथसागराच्या कडेला गेलो. थंडीत तिथं परदेशी पाखरं उतरतात. रोहित पक्षी त्या दिवशी लांब होते, पाण्यावर गुलाबी रेघ ओढल्यासारखे दिसले. मग गावातल्या नाथांच्या वाड्यात. पोरांना रांजण दाखवला. तुकाराम बीजेपासून तो भरायला घेतात, हे पैठणच्या पोरांना सांगावं लागत नाही, पण आमच्याकडं जालन्याहून भाचा आला होता, त्याला सांगितलं.

आणि रात्री जवळच्या वस्तीवर सप्ताहात भारूड होतं.

आता मी मघाशी म्हटलं ते सांगते. एकनाथ महाराज 1599 साली समाधिस्थ झाले. त्यांनी भागवत लिहिलं, रामायण लिहिलं, ते थोर आहेच. पण त्यांनी भारुडंही लिहिली, आणि भारूड म्हणजे नाटकच की! भजनी भारूड असतं, कूट भारूड असतं आणि सोंगी भारूड असतं. सोंगी भारुडात माणूस वेश घेऊन उभा राहतो. वासुदेव, जोशी, गोंधळी, पोतराज, फकीर, विंचू चावलेला माणूस, नवऱ्याला वैतागलेली बाई. गावात जे जे दारावर येत होतं ते सगळं नाथांनी उचललं. हिंदू-तुर्क संवाद नावाची त्यांची एक रचना आहे, त्यात दोघं एकमेकांना वाट्टेल ते बोलतात आणि शेवटी गळ्यात गळा घालतात. पंडितांच्या गावात बसून, चारशेहून जास्त वर्षांपूर्वी, लोकांच्या बोलीत. ज्यांना पोथी वाचता येत नव्हती त्यांच्यासाठी त्यांनी रंगमंच उभा केला. पोथी वाचता न येणाऱ्यांत जवळजवळ सगळ्या बाया आल्या.

त्या रात्री पहिलं सोंग सुनेचं होतं. देवीपुढं उभी राहून ती साकडं घालते की सासऱ्याला दूर कर, सासूला दूर कर, जावेला, नणंदेला, आणि शेवटी नवऱ्यालाही, मला एकटीला राहू दे. काम करणारा बुवा नऊवारी नेसून आला होता, मिशी तशीच. सासूचं नाव घेतलं तशी बायांच्या बाजूनं जी लाट उठली हशाची! सासवाही हसत होत्या, सुनाही हसत होत्या. मग बुवांनी अर्थ सांगितला. सासू-सासरे म्हणजे आपले मनातले विकार, ते दूर झाले की जीव एकटा देवापाशी राहतो. अर्थ खरा आहे, नाथांना तोच सांगायचा होता. पण मला विचाराल तर बाया हसल्या ते अर्थाच्या आधीच. मला एकटीला थोडं राहू दे, हे घरात बोलायची सोय नाही. नाथांनी ते देवीच्या नावानं चारचौघांत बोलायची सोय करून दिली.

सोंगातली बाई बहुतेक ठिकाणी अजून पुरुषच होतो. पण पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी स्वतः भारूड उभं करतात आणि मैदानं गाजवतात. आपल्या जिल्ह्यात सिल्लोड तालुक्यातले निरंजन भाकरे बुरगुंडा करायचे, घेरदार अंगरखा घालून. करोनात 2021 साली ते गेले. नाटकातही आपल्याकडची माणसं काही कमी नाहीत. लक्ष्मण देशपांडे सरांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आठवा. एकटा माणूस 52 पात्रं करायचा, आणि बोली आपल्या मराठवाड्याची. 'चारचौघी' हे आई आणि तीन मुलींचं नाटक 1991 साली आलं, ते लिहिलं प्रशांत दळवींनी आणि बसवलं चंद्रकांत कुलकर्णींनी. दोघंही संभाजीनगरातूनच नाटक करत पुढं गेलेले.

भारुडाला ती आली होती. जिला शनिवारी परवानगी मिळाली नाही ती. सप्ताह म्हटल्यावर कुणी अडवलं नाही. माझ्याजवळ येऊन बसली, सुनेच्या सोंगाला सगळ्यांत मोठ्यानं हसली. नंतर मी तिला शनिवारचं सांगायला लागले तर म्हणाली, "सांगू नका. मला बघायचंय, ऐकायचं नाही." तिच्या पैशाचं काय करायचं ते मी विचारलं. परत नको म्हणाली, डब्यातच राहू द्या. त्यानंतरही ती दर आठवड्याला 20 रुपये टाकते आहे. तिच्या घरी जाऊन मी बोलून आले. काही कबूल झालं नाही, चहा मिळाला. परत जाणार आहे. आणि यावेळी तिच्या नवऱ्यालाही चला म्हणणार आहे, कारण ऊसतोडीला जाणारा जो माणूस आमच्याबरोबर आला होता तो आता पारावर बसून सगळ्यांना म्हातारीची गोष्ट सांगतो, आणि बाप्याला बाप्याचं पटतं, हे आपल्याला कितीही टोचलं तरी आहे तसं आहे.

सोमवारी पारावर दुसरंही बोलणं झालं. गटाच्या पैशावर बाया नाटकं बघत हिंडतात म्हणे. आम्ही पुढच्या बैठकीत दार उघडं ठेवून हिशेब मोठ्यानं वाचला. डब्याची वही वेगळी, गटाची वही वेगळी, प्रत्येक रुपया आणि सह्या. मग ते बोलणं थांबलं. तुम्हीही डबा केलात तर वही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. आणि ज्या बहिणीला आठवड्याला 20 जड जातील तिचे 10 घ्या, जास्त आठवडे घ्या. तिला फुकट नेऊ नका, तिला ते आवडणार नाही.

आता नाथषष्ठी येईल. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणात लाखो लोक येतात, शेकडो दिंड्या येतात, वाळवंटात फड लागतात, रात्र रात्र कीर्तनं, भारुडं होतात. सगळ्या महाराष्ट्रातून बाया ते बघायला येतात. आणि पैठणच्या आसपासच्या बाया काय करतात? पाहुण्यांच्या पोळ्या लाटतात. आमच्या मावशी 50 वर्षं पैठणच्या कडेला राहतात, आणि षष्ठीच्या रात्रीचं एकही सोंग त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलेलं नाही. काल्याच्या दिवशी दहीहंडी फुटते ती त्यांनी आवाजावरून ओळखायची.

यंदा आम्ही पाळ्या लावल्या आहेत. 12 घरांचे पाहुणे तीन घरांत जेवतील. पहिल्या रात्री सहा जणी स्वयंपाकाला आणि सहा जणी वाळवंटात, दुसऱ्या रात्री उलट. पोळ्या कमी पडल्या तर भात जास्त. दिरानं भाकरी करून दाखवलीच आहे, तर त्यालाही एका पाळीत घातलंय. पहिल्या रात्रीच्या सहा जणींच्या यादीत सगळ्यात वर मावशींचं नाव आहे आणि दुसरं त्या बहिणीचं, जी शनिवारी आली नव्हती.